पेटी मला दिलीत, सोमवार त्याला

अण्णा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही. आई असती तर म्हणाली असती, पंचावन्न वर्षांची झालीस, सासू झालीस, आता तरी पुरं कर. पण आईही नाही, आणि धाकट्याला हे सांगायची सोय नाही, कारण भांडण त्याच्यावरूनच आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते. आडपडदा कशाला ठेवू, मी माझ्या सख्ख्या भावावर जळते. लहानपणी जळायची, लग्न होऊन सास्तूरला आले तरी जळत राहिले, आणि यंदा आषाढात तर इतकी जळाले की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. ह्यांना वाटलं, पित्त झालं. सुनेनं लिंबू-सरबत करून दिलं, तेही प्याले.

उमरग्याचं आपलं दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. पुढच्या खोलीत दाराशी तुमचं शिलाई मशीन, भिंतीला कापड बेतायचं टेबल, टेबलाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली पेटी. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. बाहेर हमरस्त्यानं हैदराबादकडचे ट्रक चाललेले, आत मी तुमच्या शेजारी काजं करत बसलेली. मग तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "घे पेटी." मी नऊ वर्षांची होते. तुमची पाठ माझ्याकडं, पाय पायडलवर, ओठांत टाचण्या, आणि टाचण्यांच्या मागून तुम्ही गुणगुणताय. मी त्या गुणगुणण्यामागून पेटी वाजवायची. चुकले की मशीन थांबायचं, एवढीच तुमची शिकवण्याची तऱ्हा. मशीन परत सुरू झालं की समजायचं, आता बरोबर आहे. एकदा एका गिऱ्हाइकाला तुम्ही म्हणालात, "पोरीचा हात गोड हाय बगा." मी आत जाऊन आईला सांगितलं तेव्हा तव्यावरच्या भाकरीसारखी फुगले होते.

धाकट्याला सारेगम मी शिकवलं, हे तुम्हाला आठवत असेलच. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, बोटं जाड, एक स्वर दाबायला गेला की दोन वाजायचे. तुम्ही हसायचात. मीही हसायची, पण माझं हसणं निराळं होतं. मला बरं वाटायचं. असं वाटायचं की ही एक गोष्ट तरी घरात माझी आहे, हिच्यात तो वाटा मागायला येणार नाही. पोरगा म्हणून दुधाची साय त्याला, नवी चप्पल आधी त्याला, पण पेटी माझी. आणि मग तो अकरा वर्षांचा झाला तसा एका सोमवारी तुम्ही त्याला तोंड धुवायला लावलंत, टोपी घातलीत आणि महादेवाच्या देवळात भजनाला घेऊन गेलात.

मी तेरा वर्षांची. मी आईला विचारलं, मला का नाही. आई चुलीपुढं होती, वर न बघता म्हणाली, "तिथं पोरी बसत न्हाईत." पेटी कुणाला जास्त येते, असं मी विचारलं. ती म्हणाली, "येती तुलाच. पण बसत न्हाईत." एवढ्यावर ते संपलं. संपलं म्हणजे तुमच्याकडून संपलं. दर मंगळवारी सकाळी चहाला धाकटा बसायचा आणि बोलत सुटायचा. काल बिदरकडचं एक म्हातारं आलं होतं, त्यानं कानडी पद म्हटलं, मध्येच लय बदलली, ढोलकीवाला गडबडला, सगळी हसली. तिसऱ्या वर्षी तो पेटीवर बसायला लागला. घरात आपण मराठी बोलणारी माणसं, पण तो कानडी शिकला ते त्या भजनात, पदांच्या मागून पेटी धरता धरता. मी ऐकायची आणि चहात पाव बुडवून बुडवून त्याचा पार लगदा करायची.

आणि त्याचं वाजवणं बदलायला लागलं. बोटं तशीच धोबडधाबड, पण मध्ये मध्ये जागा सोडायचा. ओळ संपली की हात उचलून गप्प. मला वाटायचं, याला पुढचं येत नाही. मी सरसावून ती जागा भरून दाखवायची, चांगली पाच-सहा स्वरांची नक्षी काढून. एकदा मशीनवरनं तुम्ही म्हणालात, "राहू दे ती जागा. तिथं माणूस गातो." मला तिथं कुठला माणूस दिसेना. दुकानात मी, तुम्ही आणि शिवून टांगलेले शर्ट. कुठनं दिसणार होता?

एका शिवरात्रीला आईबरोबर देवळात गेले होते, आरतीचं ताट घेऊन बायकांच्या बाजूला उभी. पुढं भजन चाललेलं, धाकटा पेटीवर. एका ठिकाणी त्यानं साफ चुकीचा मध्यम लावला. मला तर अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला बोलू, गुदगुल्याही झाल्या. घरी आल्या आल्या मी तुम्हाला सांगितलं की तो चुकला. तुम्ही पागोटं उतरवत होता. तुम्ही म्हणालात, "चुकला. पण थांबला न्हाय. तू थांबली असतीस." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चाळीस वर्षांत त्या वाक्याला मी हजार उत्तरं दिलीत मनात. थांबले असते का नाही, हे न नेताच कसं कळलं तुम्हाला? मला एक सोमवार नेऊन तर बघायचं होतं. चुकायला तरी माणसं लागतात, अण्णा. ती तुम्ही त्याला दिलीत.

मग माझं लग्न ठरलं आणि तुम्ही पेटी मला दिलीत. रुखवतात मांडली होती, करंज्या-अनारशांच्या शेजारी, झेंडूचा हार घालून. सगळे म्हणाले, बापानं काळीज काढून दिलं पोरीला. धाकटा कोपऱ्यात उभा होता, त्याचा चेहरा पडलेला. मी रडले. तुम्हाला वाटलं सासरी जाते म्हणून रडते. मला वाटत होतं की ही पेटी घ्या परत आणि मला एक सोमवार द्या. ते बोलायची पद्धत नव्हती. मी पेटी घेऊन सास्तूरला आले आणि तीसेक वर्षं दुपारच्याला दार लावून एकटी वाजवत बसले. लई सफाई आली हाताला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, रेडिओ लावल्यावानी वाजवते. धाकट्याला मात्र उमरगा, लोहारा, पलीकडं आळंद-बसवकल्याणपर्यंत लोक बोलावू लागले. भजनाला, कीर्तनाला, लग्नात गोंधळ असला तर गोंधळाला. कुणीही कुठूनही उचलू दे, हा धरणार. त्याची बोटं आजही माझ्यापुढं काहीच नाहीत. हे मी जळून म्हणत नाही, खरंच आहे ते. म्हणजे जळूनही म्हणते, आणि खरंही आहे.

आमच्या इथं बायकांचं भजनी मंडळ आहे, दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात. त्यांची पेटीवाली लेकाकडं सोलापूरला राहायला गेली, म्हणून वैशाखात त्यांनी मला बोलावलं. मंडळ चालवते ती मावशी सत्तरीची, माहेर कर्नाटकातलं, कपाळाला भस्म, आवाज असा की अर्धं गाव ऐकतं. पहिल्या दिवशी मी नवी साडी नेसून गेले. मावशीनं पद उचललं आणि मी भाता ओढून माझ्या नेहमीच्या पट्टीत सुरुवात केली. काळी एक. ती कुठं गाते हे ऐकायचं असतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. भजनात गाणारी आपल्या गळ्यानं सुरू करते आणि पेटीवालीनं तिला शोधत जायचं असतं. मी जन्मात कुणाला शोधलं नव्हतं. बायका भल्या, माझ्या पट्टीत यायला बघत होत्या. खाली गेल्या की आवाज घशातच राहायचा, वर गेल्या की चिरकायचा. एकेक करून गप्प झाल्या. मला वाटलं, माझं ऐकत बसल्यात. मी आणखी रंगात आले, डोळे मिटून घेतले, दोन ताना जास्तीच्या घेतल्या. भाता मिटून हसून बघितलं तर बारा बायका मांडीवर टाळ ठेवून बसलेल्या. मावशी म्हणाली, "लई गोड वाजवलंस गं यव्वा. आता आमी गाऊ का?"

घरी येताना रस्त्यातच मला उमगलं. काळी एक ही तुमची पट्टी. तुमच्या गुणगुणण्याची. मी आयुष्यभर एकाच माणसाला साथ केली होती, आणि तो माणूस टाचण्या ओठांत धरून पाठमोरा बसलेला. त्या माणसाच्या गळ्यात बारा बायकांना कोंबायला निघाले होते मी.

पुढचे पाच-सहा शनिवारही तसेच गेले. पट्टी सापडली तर लय सुटायची, लय धरली तर मी पुढं पळायची. आषाढात मावशीनं मला बाजूला घेतलं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी महादेवापुढं मंडळाचं भजन होतं, पंचक्रोशीतली माणसं येतात. ती फार मऊ आवाजात म्हणाली, "तुजा भाऊ उमरग्याचा न्हवं? त्या दिवसापुरतं त्याला बोलवू का? तू नाराज होऊ नको." बघा अण्णा. बायकांच्या भजनाला. जिथं अखेर मला बसायला मिळालं, तिथंसुद्धा तोच. मी "विचारते" म्हणाले आणि घरी येऊन ते दोन दिवस पित्ताचे काढले. ह्यांना शेवटी सांगितलं की बायकांना सुरात गाता येत नाही. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." तिसऱ्या दिवशी मी धाकट्याला फोन केला. भजनाचं सांगितलं, मावशीचं बोलणं सांगितलं नाही. मी म्हणाले, जरा ये, एक-दोन गोष्टी विचारायच्यात.

रविवारी मोटारसायकलवरनं आला. डोक्यावर केस राहिले नाहीत त्याच्या, पोट सुटलंय, पण अजून आल्याबरोबर स्वयंपाकघरात डबे उघडून बघतो. मी पेटी काढली, वाजवून दाखवलं. तो म्हणाला, "आक्का, बोटं थांबव. निस्तं ऐक." आणि गुणगुणायला लागला, कुठनंही. मी शोधायला बोटं फिरवायची, तर माझ्या हातावर चापट. "बोटांनी हुडकू नको. कानात आला की मग दाब. एकच सूर धर आन् गप बस, बाकीचं गाणारं बगून घेतंय." दोन तास हेच. माझा अपमान होत होता आणि जमतही होतं. मीच सारेगम शिकवलेल्या पोराकडून शिकणं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. मग चहा पिताना तो सहज बोलून गेला. म्हणाला, भजनाहून घरी येताना तुम्ही दर सोमवारी त्याला सुनावायचात, "तुझ्या आक्काचा हात तुला जन्मात यायचा न्हाय." तो म्हणाला, "लई राग यायचा मला तुझा तवा. रडायचो मी रस्त्यानं."

हे ऐकून माझं मन भरून यायला हवं होतं ना? त्याला वाटलं भरून आलं, मी पदर डोळ्याला लावला तेव्हा. पण मला काय वाटलं ते तुम्हाला सांगते. ते वाक्यसुद्धा तुम्ही त्यालाच दिलंत. माझं कौतुक होतं ते, माझं, आणि तेही त्यालाच ऐकायला मिळालं, तुमच्याबरोबर चालताना, दर आठवड्याला. मला मशीनचा आवाज मिळाला.

मग मी रोज मावशीच्या घरी जायला लागले. सकाळी ती ज्वारीचं पीठ मळताना गाते, मी तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पेटी घेऊन बसायची आणि एकच सूर धरायची. ती भाकरी थापते, थापताना एक लय, उलटताना दुसरी. वयामुळं तिला मधेच दम लागतो, ओळ अर्धी राहते. सुरुवातीला त्या दमात मी तीन स्वर घुसवायची. तिनं एकदा पिठाचा हात तसाच वर धरला आणि म्हणाली, "मी काय मेले न्हाय अजून. श्वास तर घिऊ दे." दोघी हसलो. पंधरा दिवसांनी मी तिच्याबरोबर श्वास घ्यायला लागले, ती थांबली की आपोआप भाता थांबायला लागला. अण्णा, जे तीस वर्षांत दार लावून आलं नाही ते त्या उंबऱ्यावर पंधरा दिवसांत आलं. शनिवारी बायका गायल्या तेव्हा कुणी गप्प झालं नाही. मावशीनं भावाचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

पण तो आला. दिवस कुणाकडून तरी कळला असणार. तिसऱ्या सोमवारी दुपारी मंडपात आम्ही सगळ्या मोरपंखी साड्या नेसून बसलो होतो आणि समोर पुरुषांत तो. मावशीनं ओळखलं, म्हणाली, "या की पुढं, आमच्या पेटीवालीचं भाऊ तुमी." तो पुढं आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला, पेटीच्या लाकडावर तळहात ठेवला. हळूच म्हणाला, "आक्का, एक पद वाजवू का गं? तुझं लगीन झाल्यापासनं अण्णांच्या पेटीला हात लावला न्हाय मी." त्रेपन्न वर्षांचा माणूस, लाडू मागितल्यासारखं मागत होता. मी म्हणाले, "भाता ढिला झालाय. दुसऱ्याच्या हाताला येत न्हाय ती." भाता ढिला नव्हता. ज्येष्ठातच लातूरहून नवा करून आणला होता मी. तो पेट्यांमधला माणूस, एकदा दाबून बघितलं असतं तर कळलं असतं. त्यानं दाबून बघितलं नाही. "बरं," म्हणाला आणि एका बाईकडनं टाळ मागून घेऊन माझ्या मागं बसला.

मावशीनं पद उचललं. माणसं बघून तिला चेव आला होता, रोजच्यापेक्षा वरची पट्टी घेतली. मला दुसऱ्या शब्दाला सापडली. आणि मागनं टाळ सुरू झाला. काय सांगू तुम्हाला. मोठा नाही, खणखणाट नाही. मी नेहमी जिथं घाई करते तिथं तो टाळ बरोब्बर होता, चढावर सायकलीला मागनं कुणी हात लावावा तसा. मला अडवत नव्हता, ढकलत नव्हता. माझी बोटं मोकळी झाली. मी कमी वाजवलं, आयुष्यात एवढं कमी कधी वाजवलं नव्हतं, आणि बारा बायका अशा गायल्या की समोरची माणसं सरकून पुढं आली. एका कडव्यात माझा स्वर चुकला. मी थांबले नाही. चुकले हे पुढची ओळ संपल्यावर ध्यानात आलं. एकानंतर एक पाच पदं झाली, आणि मला मागं वळून बघावंसं वाटत होतं, पण वळले नाही.

प्रसाद झाल्यावर तो गाडीजवळ उभा होता. सगळ्या बायका माझ्याभोवती, मावशीनं तर माझी अलाबला घेतली. मी त्याला चिवड्याची पुडी द्यायला गेले. तो काहीतरी ऐकायला थांबला होता, मला ते दिसत होतं. "बरं झालं न्हवं?" म्हणाला. मी म्हणाले, "व्हय. टाळ जरा जोरात हुता तुझा." तो हसला, "आसंल," म्हणाला, आणि किक मारून गेला.

भाऊबीजेला तो येईल. हे कागद त्याच्या हातात द्यावेत असं काल वाटत होतं. आज सकाळी परत वाचले आणि पेटीच्या चादरीत खाली घालून ठेवले, तिथं तो हात घालणार नाही. तुम्ही मला कधी सोमवार दिला नाहीत, तो अखेर मिळाला, आणि त्या दिवशी मी जे वाजवलं ते त्याच्यामुळं वाजलं. टाळ जोरात नव्हता, अण्णा.